आवडाबाईच्या पाटीखाली

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे. नाव ऐकून तुमच्यातल्या निम्म्या जणांनी एकमेकांकडे पाहिलं असेल. त्यात तुमची चूक नाही, तुमच्या घरी आता डोक्यावरून काही येतच नाही. डोक्यावर हंडा किंवा पाटी घ्यायची, तर ती टाळूला रुतू नये आणि डुगडुगू नये म्हणून मध्ये कापडाचं एक गोल कडं ठेवतात, ती मी. वर पाटी, खाली डोकं आणि मध्ये मी. मला हात नाहीत, पाय नाहीत, अंगात कसली कलाही नाही. दबून घेणं हीच माझी नोकरी. पण मध्ये दबणाऱ्याला वरचंही कळतं आणि खालचंही कळतं, म्हणून थोडं माझं ऐका.

माझा जन्म कोलशेतच्या कोळीवाड्यात, खाडीकाठच्या एका घरात झाला. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. हौसाबाई नावाच्या म्हातारीनं आपलं विरलेलं हिरवं लुगडं फाडलं, त्याच्या पट्ट्या घट्ट पिळून त्यांचं कडं केलं आणि जाळं सांधायच्या दोऱ्यानं मला चहूबाजूंनी शिवून टाकलं. त्या घरची रीतच तशी होती. सासूचे गुडघे थकले, बाजार सुनेच्या हाती गेला, की सासूनं आपल्या लुगड्याची चुंबळ सुनेला करून द्यायची. हौसाबाईनं मला आवडाबाईच्या हातात ठेवलं.

"धर गो. आता बाजार तुजा," म्हातारी म्हणाली. "चुंबल कोनाला देऊ नको, आनि भरलेली पाटी एकटीनं उचलू नको."

दुसरी गोष्ट सांगायची गरज नव्हती, कारण भरलेली पाटी एकटीला उचलताच येत नाही. बाईनं वाकायचं, समोरच्यानं पाटीचा काठ धरायचा, दोघांनी मिळून ती वर घ्यायची आणि माझ्यावर आणून टेकवायची. याला म्हणतात हात लावणं. आवडाबाईला रोज हात लावायचा तिचा नवरा धाकू. तो आणि त्याचा धाकटा भाऊ उत्तम भरती-ओहोटी बघून एकाच होडीतून खाडीत जायचे, पहाटे परत यायचे, आणि त्यांनी आणलेली कोळंबी, बोईटं, चिंबोऱ्या पाट्यांत भरल्या जायच्या. धाकू काठ धरायचा, "हं" म्हणायचा, पाटी डोक्यावर बसली की हात झटकायचा आणि झोपायला जायचा. रात्रभर पाण्यात उभा राहिलेला माणूस आणखी काय करणार?

तिथून पुढचा रस्ता आम्हा दोघींचा. ढोकाळी, कापूरबावडी करत टेंभी नाक्यापर्यंत आणि तिथून खारकर आळीत. आवडाबाईची चाल बघण्यासारखी होती. हात मोकळे, पाठ ताठ, मान जराही हलायची नाही. रस्त्यात कुणी थट्टा केली, तर ती मान न वळवता नुसते डोळे फिरवून असं काही उत्तर द्यायची, की थट्टा करणारा दुसऱ्या दिवशी रस्ता बदलायचा. पाटीतल्या बर्फाचं पाणी माझ्यावर ठिबकायचं, माझ्यातून तिच्या केसांत उतरायचं, आणि तरी ती गुणगुणत असायची.

माझं कौतुक कुणी केलं नाही, असं समजू नका. आवडाबाई स्वतः करायची. पाटी उतरवली, की मला झटकून म्हणायची, "ही हाय म्हनून पाटी फुलासारकी वाटतं."

ते ऐकून मी फुगायचे. फुलासारखी! आज तेच वाक्य मला सर्वांत जास्त बोचतं. ओझं हलकं वाटायला लागलं, पण हलकं झालं नव्हतं. टाळूला जे टोचलं नाही, ते खाली मानेत उतरत होतं, आणि मानेत काय चाललंय हे मानेवाचून कुणालाच ठाऊक नव्हतं.

सर्वांत आधी लक्ष गेलं सरस्वतीबाईंचं. खारकर आळीतल्या त्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेत शिकवायच्या आणि माशांच्या बाबतीत कुणाचं ऐकायच्या नाहीत. एके दिवशी त्या मागच्या दारातून बोलल्या, तर आवडाबाई पाटावरून उठून अख्खी फिरली.

"आवडाबाई, नुसती मान वळव की. अशी सगळी वळून का बघतेस?" त्यांनी विचारलं.

"वलत नाय बाई. वलवली की हातात इंगल्या चावल्यासारकं होतं."

त्या दिवशी तिच्या हातून कोयता सुटून पायाशी पडला. सरस्वतीबाईंनी मासे घ्यायचे सोडून तिला आत बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्या यजमानांच्या ओळखीनं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तिची वेळ ठरवली. आवडाबाईनं कापडी पिशवीत साडी, फणी आणि मला घातलं. मला कशाला घेतलं, ते तिचं तिलाच ठाऊक. घरचं काहीतरी जवळ असावं, असं वाटलं असेल.

तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पाठीत सुईनं औषध घालून फोटो काढले आणि धाकूला समोर बसवून नीट समजावून सांगितलं. "मानेत मणके असतात. दर दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. यांची एक गादी घसरून हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाबते आहे. ती काढू, कमरेच्या हाडाचा तुकडा मध्ये बसवू, म्हणजे दोन्ही मणके सांधून एक होतील."

दोन मणके आणि मध्ये गादी! पिशवीत पडल्या पडल्या मी दचकलेच. म्हणजे आवडाबाईच्या मानेत माझीच भावंडं होती, एकाखाली एक, आणि त्यातलं एक चेंगरून गेलं होतं.

"पुढचं ऐका," डॉक्टर म्हणाले. "सांधलेली जागा वाकणार नाही. तिच्या वाट्याचं वाकणं वरच्या आणि खालच्या गादीवर पडेल. त्या दोन्ही सांभाळायला हव्यात. डोक्यावर ओझं आता बंद."

"किती दिस?" आवडाबाईनं विचारलं.

"कायमचं."

दोघांनी माना डोलावल्या, म्हणजे धाकूनं डोलावली आणि आवडाबाईनं डोळे मिटले. खरं सांगू का, डॉक्टरांनी काही लपवलं नाही आणि या दोघांनी काही चुकीचं ऐकलं नाही. पण माणूस आपल्या धंद्याच्या कानांनी ऐकतो. धाकू जाळी सांधणारा माणूस. 'सांधून एक होतील' एवढं त्याच्या मनात पक्कं बसलं, आणि बाकीचं वाटेतच कुठेतरी राहून गेलं.

शस्त्रक्रिया छान झाली. आवडाबाई घरी आली ती गळ्यात पांढरा कडक पट्टा घालून, आणि तिचा हात दुखायचा पूर्ण थांबला होता. काही महिन्यांनी पट्टा निघाला आणि माझ्याच खुंटीवर येऊन लटकला. मोठा ताठ गडी तो. मी दबून घेणारी, तो कुणाला दबू न देणारा, आमचं काही जमलं नाही.

इतकं बरं वाटलं तिला, मित्रांनो! तिनं हौसाबाईचं डोकं विंचरलं, भाकऱ्या थापल्या, हात वर करून खाडीकडे बघत मोठ्यानं हसली. घरात सगळे म्हणाले, सुटली बिचारी. आणि सगळ्यांचं लक्ष त्या बऱ्या झालेल्या जागेवर होतं. पाटी कुठे गेली, हे कुणी पाहिलं नाही.

पाटी गेली होती रंभाच्या डोक्यावर. रंभा म्हणजे उत्तमची बायको, आवडाबाईची धाकटी जाऊ. दोन्ही घरांचे मासे आता ती एकटी न्यायची. पाटी इतकी जड झाली, की तिला एक चुंबळ पुरेना. तिनं आवडाबाईला विचारलं, "बाय, तुजी घेऊ?" आणि खुंटीवरून मला काढलं. तिची चुंबळ खाली, तिच्यावर मी, आणि माझ्यावर ती पाटी. इतकी वर्षं दबले होते, पण असं ओझं मला ठाऊक नव्हतं. रंभा चालताना गुणगुणायची नाही. तिचा श्वास मला ऐकू यायचा.

ती कधी एका शब्दानं बोलली नाही. वर्ष गेलं, दुसरं चालू झालं. एके दुपारी ती बाजारातून आली, आवडाबाईनं मागून हाक मारली, "रंभे, चाय घे," आणि रंभा अख्खी फिरली. मान वळवली नाही, सगळी वळली, खांद्यांसकट.

आवडाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. खारकर आळीतलं मागचं दार तिला आठवलं असणार. त्या दिवशी तिनं जेवताना दोनदा पाणी घेतलं आणि ताट तसंच सरकवलं. आपण बऱ्या झालो, ते या पोरीच्या मानेवर, हे तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या पहाटे तिनं मला रंभाच्या घरून परत आणलं आणि डोक्यावर ठेवलं. अंगणात आपली पाटी वेगळी भरली.

"हात लाव," ती धाकूला म्हणाली.

"डाक्टर नाय बोलला ना?"

"डाक्टरला मी दिसले. रंभा दिसली काय त्याला?"

धाकू घुटमळला. मग त्यानं आपल्या मनाची समजूत घातली, ती मी कानांनी ऐकली. "तसं बगायला गेलं तर काय होनार हाय? सांधलेली जागा मूलच्या जाल्यापेक्षा पक्की असतं. आयुष्य गेलं माजं सांधन्यात. तुजी मान आता पयल्यापेक्षा मजबूत झाली."

त्यानं काठ धरला. "हं" म्हणाला. पाटी माझ्यावर बसली, त्यानं हात झटकले आणि झोपायला गेला.

पुढची सहा-सात वर्षं काहीच झालं नाही, हेच वाईट झालं. चार दिवसांत दुखलं असतं, तर सगळे शहाणे झाले असते. आवडाबाई चालत राहिली. खाडीतले मासे कमी होत गेले, पाणी काळं व्हायला लागलं, कोलशेतच्या रस्त्याला कारखान्यांच्या मागून इमारती आल्या, आणि आवडाबाईला गिऱ्हाईक शोधत आणखी लांब जावं लागू लागलं. डॉक्टरांचं नाव निघालं, की धाकू ऐटीत सांगायचा, आमच्या घरातली सांधलेली मान बघा. आणि मीही, नेहमीप्रमाणे, पाटी फुलासारखी करत होते.

चौऱ्याण्णवचा हिवाळा असेल. दुपारची वेळ होती. आवडाबाई ओट्यावर बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या दोऱ्यानं बांधत होती आणि समोर बसलेल्या रंभाला बाजारातली कसलीशी गंमत सांगत होती. मी तिच्या मांडीशी पडले होते. धाकू अंगणात जाळं सांधत बसला होता. त्यानं सहज मान वर केली आणि ओरडला, "आवडे! बोट!"

एका मोठ्या चिंबोरीनं तिचं बोट नांगीत घट्ट धरलं होतं. रक्त मनगटापर्यंत आलं होतं, माझ्यावरही ठिबकलं होतं. आणि आवडाबाई गंमत सांगत हसत होती. तिला कळलंच नव्हतं.

धाकूनं धावत येऊन नांगी मोडली. "दुखत नाय तुला?"

आवडाबाई बोटाकडे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बघत राहिली. "नाय," ती हळूच म्हणाली.

"कवापासून?"

"पावसाल्याच्या आदीपासून. चोलीची बटनं लागत नाय. पाय पन उचलल्यासारका वाटत नाय."

"आनि बोलली का नाय?"

तिनं रंभाकडे पाहिलं. "बोलले असते तर पाटी परत हिच्या डोक्यावर गेली असती."

रंभा उठली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडली. धाकू तिथेच उकिडवा बसला, हातात मोडलेली नांगी घेऊन.

या वेळी इस्पितळात मी धाकूच्या हातात होते. घाईत निघताना रक्त पुसायला त्यानं मला ओट्यावरून उचललं, आणि मी तशीच त्याच्या हातात राहिले. डॉक्टर तेच होते, केस पिकलेले. आता बोगद्यासारखं मोठं यंत्र आलं होतं, त्यात आवडाबाईला निजवून त्यांनी मानेचे नवे फोटो काढले आणि उजेडाच्या काचेवर लावले.

"आपण सांधलेली जागा ही. अगदी पक्की आहे," डॉक्टर म्हणाले. "हिच्या वरची गादी गेली. ती थेट मज्जारज्जूवर दाबते आहे. हिच्या खालचीही झिजत चालली आहे."

धाकूची मूठ माझ्यावर आवळली. फोटोतलं त्याला काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. पण त्याला लगेच कळलं, कारण हे त्यानं शंभर वेळा पाहिलं होतं. जुन्या जाळ्यात नव्या दोऱ्यानं घट्ट सांधा घातला, तर तो सांधा कधीच फाटत नाही. फाटतात ती त्याच्या शेजारची घरं, म्हणजे दोऱ्याचे चौकोन. सगळा ताण त्यांच्यावर येतो. म्हणून शहाणा कोळी सांधा घालताना शेजारची घरं बोटांनी चाचपून बघतो. धाकू जाळ्याच्या बाबतीत हे कधी विसरला नव्हता.

"सायेब," धाकू म्हणाला. "पाटीनं झालं काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाटीमुळे लवकर झालं असेल, असं मला वाटतं. पण पाटी न उचलणाऱ्यांनाही काही वर्षांनी असं होतं. नक्की सांगता येत नाही."

"मंजे माजा दोष हाय का नाय?"

"दोष फोटोत दिसत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मला एवढंच दिसतं, की उरलेली ताकद वाचवायची असेल, तर लवकर शस्त्रक्रिया करायला हवी. थांबलात तर हात जातील, पायही जातील. आणि जे गेलंय ते सगळं परत येईल, असं वचन मी देत नाही."

डॉक्टरांनी 'हो' म्हटलं असतं, तर धाकू रडून मोकळा झाला असता. 'नाही' म्हटलं असतं, तरी मोकळा झाला असता. आता ते नक्की न कळणं त्याच्या गळ्यात पडलं, आणि ते त्याला जन्मभर उतरवता येणार नव्हतं. उतरवायला कोण हात लावणार?

आवडाबाई घरी आली, तेव्हा पुन्हा गळ्यात पट्टा होता. पाय सावरले होते. उजव्या हाताची पकडही बरीचशी परत आली होती, पण दोन बोटं बधिर राहिली ती राहिलीच. तिला खाटेवर बसवलं आणि घरात दोषाची वाटणी सुरू झाली.

"माज्यामुलं झालं," रंभा म्हणाली. "मी पाटी परत द्यायाला नको होती."

"मी रंभेला तवाच अडवायाला पायजे होतं," उत्तम म्हणाला.

"चुंबल मीच दिली गो," हौसाबाई कोपऱ्यातून म्हणाली. ती आता फार थकली होती, तिला दिसतही नव्हतं.

धाकू दोन दिवस नीट जेवला नव्हता. आणि खुंटीवर मी. माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही म्हणून, नाहीतर त्या रांगेत मीही उभी राहिले असते.

आवडाबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. पट्ट्यामुळे तिला मान फिरवता येत नव्हती, म्हणून ती समोरच्या भिंतीकडे बघूनच बोलली. "तुमचं सगल्यांचं रडून झालं काय? झालं असंल तर सांगा, उद्याची पाटी कोन नेनार?"

"मी नेईन," रंभा पुटपुटली.

"ने. मंग धा वर्सांनी हितंच बसा, आनि तुज्यासाटी परत असंच रडा."

मग धाकू उठला. त्यानं खुंटीवरून मला काढलं आणि स्वतःजवळ ठेवलं.

मित्रांनो, कोळीवाड्यात पुरुष खाडीत जातो आणि बाजार बायकांचा असतो. माशांची पाटी डोक्यावर घेऊन पुरुष बाजाराला निघाला, असं तिथे कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी धाकूनं मला डोक्यावर ठेवलं, तेही तिरकं. आवडाबाईनं खाटेवरून सांगून नीट करवून घेतलं. एका बाजूनं रंभानं काठ धरला, दुसऱ्या बाजूनं उत्तमनं. "हं" म्हणाले. पाटी बसली, आणि धाकूच्या तोंडून जो आवाज निघाला, तो फक्त मला ऐकू आला.

गल्लीतली पोरं मागे लागली, "धाकूबाय आली, धाकूबाय आली! कोलंबी कशी दिली गो?" बायका दारात येऊन तोंडाला पदर लावून हसल्या. तो चालत राहिला. ढोकाळीपर्यंत त्याची मान थरथरायला लागली. त्याला पाटी खाली ठेवायची होती, पण भरलेली पाटी एकट्यानं उतरवताही येत नाही, हे त्याला तिथे, रस्त्याच्या मधोमध कळलं. ज्याला हात लावायला सांगावं असं ओळखीचं कुणी दिसेना. तो तसाच कापूरबावडीपर्यंत गेला. तिथे एका फळवाल्याला त्याची दया आली.

दुपारी तो परत आला आणि आवडाबाईच्या खाटेजवळ जमिनीवर बसला. बराच वेळ मला हातात फिरवत राहिला.

"येवढं असतं?" त्यानं विचारलं.

"रोज," ती म्हणाली.

"कवा बोलली नाय."

"तू कवा इचारलं? तू हात लावायचास आनि निजायला जायाचास."

ती रागानं बोलली नव्हती. ती रागावली असती, तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं तिचा तो बधिर हात हातात घेतला. तिला दोन बोटांत काही कळलं नाही, बाकीच्या तिन्हींत कळलं असावं, कारण तिनं हात काढून घेतला नाही.

त्यानंतर त्या घरात डोक्यावर पाटी चढली नाही. धाकू आणि उत्तमनं एक जुनी दणकट सायकल आणली, तिच्या मागच्या कॅरियरवर लोखंडी पट्ट्या जोडल्या. दोन्ही घरांचे मासे लहान लहान पाट्यांत भरून धाकू बाजारात पोचवतो. रंभा मोकळ्या हातांनी बसनं जाते आणि विकते. तिची मान वेळेवर सुटली, आता ती खुशाल वळून बघते. माझा टाका उसवला होता, तो धाकूनं शिवला. फाटलेल्या जागेपुरता नाही, शेजारच्या चांगल्या कापडात लांबवर नेऊन, सैल हातानं. मला आता कॅरियरवर पाटीखाली बांधतात. वर पाटी, खाली लोखंड आणि मध्ये मी. लोखंडाला काही दुखत नाही, म्हणून मी निवांत आहे. निवांत म्हणजे पूर्वीपेक्षा. खड्ड्यातून सायकल गेली, की अजून मला दचकायला होतं, खाली मान आहे असं वाटून.

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे. ज्याचं दुखतं त्याची विचारपूस सगळे करतात. त्याचं ओझं ज्याच्यावर सरकलं, त्याचीही करा, आणि तो गप्प असेल तर थोडी जास्त करा. आणि कुणाच्या डोक्यावर ओझं चढवायला हात लावलात, तर लगेच हात झटकून जाऊ नका. चार पावलं त्याच्याबरोबर चाला. एकदा ते स्वतःच्या डोक्यावर घेऊन बघा.

रोज सकाळी धाकू सायकलला पाटी बांधतो, तेव्हा आवडाबाई दारात येते. "हात लावू?" ती विचारते. गरज नसते, आणि तिला उचलायची परवानगीही नाही. तरी धाकू थांबतो. ती पाटीच्या काठाखाली आपली बोटं टेकवते, त्यात ती बधिर दोनही असतात. सगळं वजन धाकूनं आपल्या हातांवर घेतलेलं असतं, हे मला खालून कळतं. तो मात्र तिच्याकडे बघून "हं" म्हणतो, आणि पाटी माझ्यावर बसल्यावरही, ती बोटं काढेपर्यंत हात झटकत नाही.